फाटक बंद, फाटक उघडं : वेदनेच्या शोधाची गोष्ट



गेल्या महिन्यात दोन-तीन पेशंटांनी एकच प्रश्न विचारला. "डॉक्टरसाहेब, ते करंट देणारं मशीन घेऊ का? पट्ट्या चिकटवायच्या अन् बटण दाबायचं. दुखणं खरंच जाते का?" या मशीनला टेन्स म्हणतात. हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण या मशीनमागे दुखणं समजून घेण्याची एक मोठी गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीतले बरेचसे लोक भूलतज्ज्ञ आहेत. ऑपरेशनच्या आधी "आता झोप लागेल हं" म्हणणारे आणि नंतर आपल्या आठवणीतही न राहणारे ते डॉक्टर. म्हणून हा लेख.

त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगतो.

पुलगावात प्रॅक्टिस सुरू करून मला फार वर्षं झाली नव्हती. साठीच्या पुढच्या एक बाई यायच्या. कापूस वेचायला जाणाऱ्या, हाडापेरानं काटक. त्यांना छातीच्या उजव्या बाजूला नागीण झाली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी बरी झाली. तरी बाई येतच राहिल्या. "डॉक्टरसाहेब, पदर लागला तरी आगीवानी होते. रातभर डोळा लागत नाही." मी तपासायचो. जखम नाही, सूज नाही, एक्स-रे स्वच्छ. दुखण्याच्या गोळ्या बदलून झाल्या. चौथ्या की पाचव्या खेपेला मी म्हणालो, "मावशी, आता तिथं काही राहिलेलं नाही. मनातून काढून टाका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि निघून गेल्या. पुढचे कित्येक महिने त्या आल्या नाहीत.

मी खोटं बोललो नव्हतो. मला जे शिकवलं गेलं होतं, तेच बोललो होतो. चूक त्या शिकवणुकीत होती, आणि ती चूक तीनशे वर्षं जुनी होती.

देवळातली घंटा

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये देकार्त नावाचे तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांच्या मृत्यूनंतर, १६६४ साली फ्रेंचमध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात एक चित्र आहे. एका माणसाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक दोर गेला आहे. खाली दोर ओढला की वर घंटा वाजते. दुखणं म्हणजे ती घंटा.

कल्पना सोपी होती आणि काही अंशी बरोबरही होती. पण तिचा अर्थ असा झाला की जितकी इजा, तितकंच दुखणं. इजा नाही तर दुखणंही नाही. आणि तरीही कोणी दुखतं म्हणत असेल, तर एक तर तो खोटं बोलतो, नाही तर त्याच्या डोक्यात काही बिघडलं आहे.

प्रत्यक्षात डॉक्टरांना उलट पुरावा दिसत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी असे सैनिक पाहिले, ज्यांच्या गोळीच्या जखमा भरल्या होत्या, पण हातापायांत भयंकर जळजळ राहिली होती. कापून टाकलेला पाय दुखतो असं सांगणारे लोकही त्यांनी पाहिले. दोर तुटला होता, तरी घंटा वाजत होती. पण बरीच वर्षं अशा रुग्णांना नीट जागाच मिळाली नाही.

आधी झोप, मग प्रश्न

ऑपरेशनच्या वेदनेवर मात्र उपाय सापडला होता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बॉस्टनमध्ये मॉर्टन यांनी इथर हुंगवून रुग्णाला झोपवलं आणि सर्जनने मानेवरची गाठ काढली. पुढच्याच वर्षी, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्यात इथर वापरलं गेलं. मग क्लोरोफॉर्म आला.

आपल्या जिल्ह्याशी नातं असलेला एक प्रसंग सांगतो. १९२४ च्या जानेवारीत महात्मा गांधी येरवडा तुरुंगात होते. त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला आणि त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलं गेलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. रुग्णाला क्लोरोफॉर्म दिला होता. बाहेर वादळी पाऊस. मध्येच वीज गेली आणि ऑपरेशन कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. आजही ससूनमध्ये ती खोली स्मारक म्हणून जपली आहे. बारा वर्षांनी, १९३६ मध्ये, गांधीजी आपल्या इथून तासाभराच्या वाटेवर असलेल्या सेवाग्रामला राहायला आले.

त्या रात्रीच्या भूल देणाऱ्याचं काम पाहा. रुग्णाला झोपवायचं, श्वास आणि नाडी सांभाळायची, ऑपरेशन संपलं की जागं करायचं. काम तिथं संपायचं. पण ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, वर्षानुवर्षं दुखत राहणाऱ्या माणसांचं काय? तो प्रश्न भूलतज्ज्ञाचा मानला जात नव्हता. खरं म्हणजे तो कोणाचाच मानला जात नव्हता.

कुस्ती खेळणारा डॉक्टर

हा प्रश्न ज्यांनी आपला मानला, त्यांचं नाव जॉन बोनिका. जन्म १९१७, इटलीजवळच्या फिलिकुडी नावाच्या लहानशा बेटावर. लहानपणीच आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षणाचा खर्च काढायला त्यांनी व्यावसायिक कुस्ती केली. डॉक्टर झाल्यावरही काही काळ तोंडाला मुखवटा बांधून ते आखाड्यात उतरत. आपल्याकडच्या पहिलवानांना ठाऊक असतं की तारुण्यातल्या कुस्तीची वसुली म्हातारपणी होते. बोनिकांची तर लवकरच झाली. मोडके कान, दुखरे खांदे, कंबर आणि खुब्याची ऑपरेशनं. आयुष्यभर ते स्वतः वेदनेचे रुग्ण होते.

त्यांच्या पत्नीच्या पहिल्या बाळंतपणात आणखी एक धक्का बसला. इथर देत असताना तिला उलटी झाली, ती श्वासनलिकेत गेली आणि ती जाता जाता वाचली. यापुढे बाळंतपणातल्या वेदनेसाठी पूर्ण बेशुद्ध न करता मज्जारज्जूजवळच्या नसा बधिर करायच्या, या पद्धतीवर बोनिकांनी अनेक वर्षं काम केलं. आज आपण ज्याला एपिड्युरल म्हणतो, ती पद्धत रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

१९४४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, अमेरिकेच्या एका मोठ्या लष्करी रुग्णालयात भूलविभागाची जबाबदारी त्यांच्यावर आली. युद्धातून परतलेले हजारो जखमी सैनिक. हात तुटलेले, नसा फाटलेल्या, जखमा भरूनही तळमळणारे. बोनिका पुस्तकं शोधू लागले, तर फारसं काही हाती लागेना. मग त्यांनी न्यूरोलॉजिस्ट, अस्थितज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ यांना विचारायला सुरुवात केली. कोणालाच पूर्ण उत्तर माहीत नव्हतं, पण प्रत्येकाकडे एक तुकडा होता. तेव्हा त्यांनी सगळ्यांना दुपारच्या जेवणाला एकत्र बसवून अवघड रुग्णांवर चर्चा सुरू केली. आजच्या पेन क्लिनिकची सुरुवात त्या जेवणाच्या टेबलावर झाली असं म्हणायला हरकत नाही.

१९५३ मध्ये त्यांनी वेदनेच्या उपचारांवर सुमारे दीड हजार पानांचा ग्रंथ लिहिला. १९७३ मध्ये जगभरातले संशोधक एकत्र बोलावले आणि त्यातून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. भारतातली तशी संस्था १९८४ मध्ये सुरू झाली. बोनिकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की फार दिवस टिकलेलं दुखणं हे दुसऱ्या आजाराचं नुसतं लक्षण राहत नाही, तो स्वतःच एक आजार होतो.

रेल्वेचं फाटक

पण हे होतं कसं? इथं १९६५ साल महत्त्वाचं आहे. रोनाल्ड मेलझॅक हे मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे मज्जासंस्थेचे अभ्यासक. दोघांनी मिळून एक सिद्धांत मांडला. त्याला मी मराठीत फाटकाचा सिद्धांत म्हणतो. रेल्वेच्या गावात राहणाऱ्या आपल्याला तो चटकन समजेल.

शरीराकडून मज्जारज्जूकडे दोन प्रकारच्या तारा जातात असं समजा. स्पर्श, दाब, चोळणं यांची खबर जाड तारा नेतात. त्या वेगवान असतात. एका सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर. जळजळ आणि ठणका यांची खबर बारीक तारा नेतात. त्या सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालीनं जातात. मज्जारज्जूत या दोन्ही खबरा एका फाटकाशी येतात. जाड तारांची वाहतूक वाढली की फाटक बंद होऊ लागतं आणि वेदनेची खबर वर कमी पोचते.

तुम्ही हे रोज करता. कोपर दाराला आपटलं की हात आपोआप तिथं जातो आणि आपण चोळतो. पडलेल्या लेकराला आई आधी फुंकर घालते, चोळते, मग औषध शोधते. त्या चोळण्यानं जाड तारा जाग्या होतात.

फाटकाला दुसरी बाजूही आहे. मेंदूकडूनही त्याला हुकूम येतात. भीती, जागरण, काळजी, एकटेपणा यांनी फाटक जास्त उघडतं. धीर, झोप, कामात रमलेलं मन यांनी ते मिटतं. म्हणजे मनाचा दुखण्याशी संबंध आहेच. पण "मनाचा संबंध आहे" आणि "दुखणं मनाचं आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मी त्या मावशींना दुसरं वाक्य ऐकवलं होतं.

पुढच्या काळात या सिद्धांताचे काही तपशील बदलले. तरी मज्जारज्जूत वेदनेची खबर कमी-जास्त होते, हा त्याचा गाभा टिकून आहे.

विजेचा मासा आणि विजेची पट्टी

विजेनं दुखणं घालवण्याची खटपट फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्यानं लिहून ठेवलं आहे की डोकेदुखीवर आणि पायाच्या गाउटवर जिवंत विजेचा मासा लावावा, जागा बधिर होईपर्यंत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेची घरगुती यंत्रं विकली जात आणि त्यांच्या जाहिरातीत सगळ्या रोगांवर इलाज असल्याचा दावा असे. त्यामुळे शहाणे डॉक्टर त्यापासून लांब राहिले.

फाटकाच्या सिद्धांतानं या खटपटीला कारण मिळवून दिलं. जाड तारा जर हलक्या करंटनं जाग्या करता आल्या, तर? वॉल आणि न्यूरोसर्जन विल्यम स्वीट यांनी आधी स्वतःच्याच चेहऱ्याच्या नसेत सुई घालून हे करून पाहिलं. मग आठ रुग्णांवर प्रयोग केला. १९६७ मध्ये त्यांनी कळवलं की नसांचाच आजार असलेल्या चार रुग्णांत दोन मिनिटांच्या करंटनंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ दुखणं थांबलं. आठातले चार. आकडा लहान आहे, आणि त्यांनी तो जसा होता तसाच सांगितला.

त्याच वर्षी नॉर्मन शीली या न्यूरोसर्जननं कर्करोगाच्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर करंट देणारी तार बसवली. नंतर अशी तार कोणाला उपयोगी पडेल हे ठरवण्यासाठी आधी कातडीवरून करंट देऊन पाहू लागले. तेव्हा काहींना कातडीवरच्या करंटनंच बरं वाटू लागलं, ऑपरेशनची गरज उरली नाही. तुम्ही विचारता ते टेन्स मशीन असं जन्माला आलं, चाचणीचं साधन म्हणून.

भूलतज्ज्ञांनी करंटचा आणखी एक उपयोग केला. हाताचं ऑपरेशन पूर्ण भूल न देता करायचं तर हाताच्या नसांजवळ औषध सोडावं लागतं. पण नस कुठे आहे हे कसं कळणार? पूर्वी सुई टोचत जायचे आणि पेशंटला "झिणझिण्या आल्या का?" विचारायचे. भारतीय वंशाचे भूलतज्ज्ञ डॉ. पृथ्वी राज यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत हाताच्या नसा हसळीच्या हाडाखाली बधिर करण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली. त्यात सुईतून बारीकसा करंट सोडून नस शोधायची. स्नायू फडफडला की नस जवळ आली. आज सोनोग्राफी आल्यानं काम आणखी सोपं झालं आहे, पण अनेक ठिकाणी ते लहानसं यंत्र अजूनही भूलतज्ज्ञाच्या पेटीत असतं.

नस बधिर झाली, पण...

आता आपल्या देशातली एक गोष्ट. ती ऐकायला जड आहे, पण टाळता येत नाही.

केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल हे भूलतज्ज्ञ. त्यांच्याकडे कर्करोगाचे एक रुग्ण वेदनेसाठी आले. ते कॉलेजात शिकवत असत. डॉक्टरांनी नर्व्ह ब्लॉक दिला आणि दुखणं थांबलं. रुग्णानं विचारलं, परत कधी येऊ? डॉक्टर म्हणाले, दुखलं नाही तर यायची गरज नाही. रुग्णाला वाटलं होतं की हा कर्करोगावरचाच उपचार आहे. आजार बरा होणार नाही हे त्यांना तेव्हा कळलं. त्या रात्री त्यांनी आयुष्य संपवलं. राजगोपाल यांनी हा प्रसंग लपवला नाही, स्वतःच पुन्हा पुन्हा सांगितला. आपण नस पाहिली, माणूस पाहिला नाही, हे त्यातून ते शिकले.

१९९३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोझिकोडला वेदना आणि परिहार सेवेचं केंद्र सुरू केलं. आपल्या महाराष्ट्रातही, मुंबईत वांद्र्याला टाटा हॉस्पिटलचे कर्करोग सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये शांती अवेदना आश्रम सुरू केला होता. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगींसाठीचा हा देशातला पहिला आश्रम. मात्र १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे कर्करोगाच्या वेदनेवरचं मॉर्फिनसुद्धा मिळणं मुश्किल झालं होतं. २०१४ मध्ये तो कायदा बदलला आणि परवान्यांचं जंजाळ कमी झालं. घरात कर्करोगाचं कोणी असेल आणि "एवढं दुखणारच" असं तुम्ही धरून चालला असाल, तर कृपा करून तसं समजू नका. विचारा.

मावशी परत आल्या

त्या मावशी पुढे परत आल्या, त्या तापासाठी. नागिणीचं दुखणं मीच काढलं. तोवर मी थोडं वाचलं होतं. नागिणीचा विषाणू लहानपणच्या कांजिण्यांनंतर मज्जारज्जूजवळच्या नसांच्या गाठींत दडून राहतो, म्हातारपणी उठतो आणि जाताना नसेलाच इजा करून जातो. कातडी बरी होते, नस होत नाही. अशा दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फार कमी चालतात. त्यासाठी नसांवरची वेगळी औषधं असतात. मी ती कमी मात्रेत सुरू केली. दीड-दोन महिन्यांनी मावशी म्हणाल्या, "आता रात्री झोप लागते जी." दुखणं पूर्ण गेलं नाही. पण पदर अंगावर घेता येऊ लागला. मी त्यांची माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करान, दिसत नाही ना ते."

२०२० मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं वेदनेची व्याख्या सुधारली. ते काम करणाऱ्या गटाचे प्रमुख डॉ. श्रीनिवास राजा होते, तेही भूलतज्ज्ञ आणि भारतीय वंशाचे. त्या व्याख्येच्या टिपांमध्ये एक सूचना आहे : माणूस दुखतं म्हणून सांगतो, तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. मावशींना जे हवं होतं ते एवढंच होतं.

मग मशीन घ्यायचं का?

आता तुमच्या प्रश्नाकडे. टेन्स लावलेलं असताना आणि त्यानंतर थोडा वेळ काहींना आराम पडतो. मात्र जुन्या दुखण्यावरच्या अभ्यासांचा दर्जा एकंदरीत कमी आहे. कंबरदुखीसाठी तर ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेनं ते वापरू नये असं म्हटलं आहे. ते झिजलेला गुडघा भरून आणत नाही, सरकलेली चकती जागेवर बसवत नाही. म्हणून विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे चार-पाच वेळा लावून पाहा. फरक पडला तरच पैसे घाला.

काही गोष्टी मात्र पाळा :

- पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं दुसरं यंत्र असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.
- गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर, छातीवर आडवं आणि जखमेवर लावू नका.
- गरोदरपणात पोटावर लावू नका. फिट येत असतील तर आधी विचारा.
- मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर तिथं लावू नका. करंट जास्त झाला तरी कळणार नाही आणि कातडी भाजेल.
- दुखण्याचं कारण कळलं नसेल तर आधी तपासणी. छातीत दुखणं, एकाएकी पायातली ताकद जाणं, लघवी अडणं, वजन उतरणं, यांवर मशीन लावून वेळ घालवू नका.
- नागीण उठली तर शक्यतो ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा. पन्नाशीनंतर नागिणीची लस आपल्या देशात मिळते, तिच्याबद्दलही विचारा.

आणि तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, गोळ्या बदलूनही फरक नसेल, तर मोठ्या रुग्णालयात वेदना उपचार विभाग आहे का, याची चौकशी करा. तो अनेकदा भूलविभागाकडेच असतो. जाताना एका कागदावर लिहून न्या : कुठे दुखतं, कसं दुखतं, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, रात्री किती झोप होते. आणि कोणी डॉक्टर, मी धरून, म्हणाला की तिथं काही नाही, तर पुन्हा एकदा नीट सांगा. आमचा नाईलाज असतो तेव्हा आम्ही असं बोलतो.

काळजी घ्या.